होडीतली गाणी आणि गटाचं कर्ज



शिलाई मशीन, शेळ्या, मसाल्याची गिरणी, आंब्याच्या पेट्या अशी कर्जं आपल्या सगळ्यांच्या रजिस्टरमध्ये असतात. आमच्या गटाच्या रजिस्टरमध्ये गेल्या वर्षी एक वेगळी नोंद पडली : ‘होडीसाठी स्टिरिओ’. ग्रामसंघाच्या बैठकीत ती वाचली गेली तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, “आता गट नाचूक पण कर्ज देता काय?” हसू झालं. आम्हीही हसलो. पण ते कर्ज देण्याआधी आमच्यात जेवढं भांडण झालं, तेवढं दुसऱ्या कुठल्या कर्जावरून झालं नसेल.

आमचं गाव मालवण तालुक्यात, कर्ली खाडीच्या काठी. पूर्वी होडी म्हणजे मासेमारी. आता दिवाळी ते मे पर्यटक येतात. पुणे, कोल्हापूर, बेळगावकडची माणसं. त्यांना खाडीतून फिरवायचं, संगमावर न्यायचं, वाळूच्या पट्ट्यावर उतरवायचं, डॉल्फिन दिसले तर दाखवायचे. पावसाळ्यात होडी वर ओढून झापांखाली झाकून ठेवायची. म्हणजे वर्षाची कमाई सहा-सात महिन्यांत करायची.

आमच्या गटातल्या एका काकींच्या घरची अशी एक होडी आहे. फायबरची, वर कापडी छप्पर, पोटात डिझेलचं इंजिन. ते सेल्फवर, म्हणजे बॅटरीवर सुरू होतं. काका होडी चालवतात, मुलगा दोर सांभाळतो. काकी घरी पर्यटकांचं जेवण करतात आणि गर्दीच्या दिवसांत होडीवरही जातात.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या होड्यांवर गाणी वाजायला लागली. गाणी वाजणाऱ्या होडीत माणसं आधी चढतात, हे काकांनी पाहिलं. बाजाराच्या गावातल्या एका दुकानातून त्यांनी गाडीत बसवतात तसला सेट, एक मोठा अ‍ॅम्प्लिफायर, दोन दांडगे स्पीकर आणि रंगीत दिवे आणले. खोक्यावर हजार वॅट लिहिलेलं होतं. दुकानदाराच्या माणसाने येऊन सगळं इंजिनच्याच बॅटरीला जोडून दिलं आणि पैसे घेऊन गेला. पैसे काकींच्या पतपेढीतल्या ठेवीचे होते.

पुढच्या डिसेंबरात एका संध्याकाळी होडीवर दहा माणसं होती, त्यांत दोन लहान मुलं. वाळूच्या पट्ट्यावर होडी लावली, इंजिन बंद केलं. माणसं पाण्यात खेळत होती, गाणी जोरात चालू होती, दिवे चालू होते. दीड तास गेला. सूर्य बुडाल्यावर सगळी होडीत चढली, काकांनी किल्ली फिरवली आणि सेल्फ नुसता ‘टक’ करून गप्प झाला. पुन्हा टक. बॅटरी गाण्यांनी पिऊन टाकली होती. वर सुकती लागलेली. पाणी उतरत होतं आणि होडीचा तळ वाळूला लागत होता. काका आणि मुलगा पाण्यात उतरून ढकलत राहिले. काळोख झाला, वारा सुटला, ओल्या कपड्यांतली मुलं रडायला लागली. काकांनी फोन करून शेजाऱ्याची होडी बोलावली, तिने दोर टाकून ओढून आणलं. माणसं किनाऱ्यावर उतरली ती एक पैसा न देता, शिव्या घालत. त्यांची चूक नाही. आपलं मूल तिथे असतं तर आपणही तेच केलं असतं.

त्या रात्री काकी म्हणाल्या, “ह्या डब्यान आमका बुडवल्यान.”

आणि महिन्याभराने त्याच काकी गटाच्या बैठकीत अर्ज घेऊन आल्या. नवा स्टिरिओ बसवायला पंचवीस हजार रुपये पाहिजेत.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, आजारपणाला, फीला पैसे कमी पडतात आणि गाण्यांना द्यायचे? दुसरी म्हणाली, होडी हा धंदा आहे, गाणी ही धंद्यातली वस्तू आहे; हॉटेलवाल्याने खुर्च्या घेतल्या तर आपण हसतो काय? तिसरीने नेमका प्रश्न विचारला. हे पंचवीस हजार कुणी सांगितले? तर काकांनी. काकांना कुणी सांगितले? तर त्याच दुकानदाराने.

आम्ही त्या दिवशी कर्ज दिलं नाही आणि नाकारलंही नाही. आमच्यातल्या तिघी आधी होडी बघून येतील, एवढंच ठरवलं. कर्ज देण्याआधी शेळी बघायला जातो, मग होडी का नको? सोबत गटातल्याच एकीचा मुलगा घेतला. तो आयटीआय झालेला आहे, रिक्षा-टेम्पोच्या वायरिंगची कामं करतो. त्याला आम्ही वायरमन भाऊ म्हणतो. पुढचं सगळं ज्ञान त्याचं आहे, आमचं काम प्रश्न विचारण्याचं होतं.

होडीत आम्ही काय बघितलं? एका स्पीकरचा कागदी पडदा ओल लागून फुगलेला, कडेने फाटलेला. स्क्रू लोखंडी, सगळे गंजून लाल. वायर घरातल्या बल्बला लावतात तसली बारीक. जोडांवर नुसती चिकटपट्टी, तीही सुटलेली, आत तांबं हिरवं पडलेलं. फ्यूज कुठेच नाही. वायरमन भाऊ म्हणाला की होडी पेटली नाही हे नशीब. बॅटरीजवळ वायर घासून एकमेकींना लागली, तर एवढा करंट वाहतो की वायर लाल होते, आणि तिथेच डिझेलची टाकी. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून आपण त्याला साधं समजतो. झटका नसला तरी आग लागते.

मग त्याने बारीक वायरचं गणित करून दाखवलं. आमच्यातल्या काही जणींनी ते वहीत लिहून घेतलं, म्हणून सांगतो. बॅटरी मागे, अ‍ॅम्प्लिफायर पुढे, मध्ये सहा मीटर. करंट जातो आणि परत येतो, म्हणजे वायर बारा मीटर धरायची. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल आणि आठ अँपिअर करंट ओढला जात असेल, तर वाटेतच पावणेदोन व्होल्टच्या आसपास खर्च होतात. बॅटरीतून बारा निघतात, पुढे पोचतात सव्वादहा. मग आवाज फाटतो. आवाज फाटला की माणूस म्हणतो, मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणूया. मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणखी करंट ओढतो आणि आणखी फाटतो. तीच वायर चार चौरस मिलिमीटरची घेतली तर वाटेतला तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. म्हणजे काकांना जे दुखणं वाटत होतं, त्याचं औषध थोड्या जाड वायरीत होतं आणि दुकानदार त्यांना पंचवीस हजारांचा डबा विकत होता.

वॅटचंही तसंच. खोक्यावर मोठ्या अक्षरांत हजार, दोन हजार लिहिलेलं असतं. तो आकडा क्षणभराचा, बहुतेक वेळा विक्रीपुरता. खरा आकडा ‘आर.एम.एस.’ या अक्षरांपुढे, बारीक छापलेला असतो. तो वीस असतो, तीस असतो. तोच वाचायचा. आणखी एक गोष्ट आम्हाला नवी होती : वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटने फक्त तीन डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम फरक कळतो. कानाला दुप्पट वाटावं तर दहापट वॅट लागतात. त्यापेक्षा स्पीकर बघून घ्यावा. स्पीकरच्या कागदावर त्याची संवेदनशीलता डेसिबलमध्ये दिलेली असते. सत्त्याऐंशीऐवजी नव्वदचा स्पीकर घेतला, तर तेवढ्याच वॅटमध्ये दुप्पट अ‍ॅम्प्लिफायर लावल्यासारखं होतं. बॅटरीही वाचते.

आणि स्पीकर ठेवायचा कुठे? काकांचे दोन्ही स्पीकर मागे, इंजिनच्या डोक्यावर. पुढच्या माणसाला ऐकू जावं म्हणून मागच्याचे कान फोडायचे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, असं भाऊने सांगितलं. म्हणून स्पीकर माणसांच्या जवळ, छपराच्या खांबांवर, आतल्या बाजूला तोंड करून बसवायचे. आवाज कमी ठेवला तरी सगळ्यांना ऐकू येतं, आणि काकांना इंजिनचा आवाज कळतो, पाण्यात कुणी हाक मारली तर ऐकू जाते. स्पीकरमध्ये जड लोहचुंबक असतं, त्यामुळे होकायंत्रापासून तो लांब हवा. बसवण्याआधी स्पीकर हातात धरून जवळ-लांब करून बघायचं. काटा हलला तर ती जागा सोडून द्यायची.

एवढं ऐकून होईपर्यंत काकी गप्प होत्या. मग त्या म्हणाल्या, “आवाज कमी आसलो तरी चलात. पण शब्द कळाक व्हये.”

आम्हाला वाटलं गाण्याचे शब्द. पण त्या स्वतःच्या शब्दांबद्दल बोलत होत्या. काकी होडीवर जातात तेव्हा माणसं त्यांना विचारतात, हे झाड कसलं, ही मुळं वर कशी आली? काकींना ते सगळं येतं. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, झाड त्यांतून श्वास घेतं. कांदळाच्या शेंगा झाडावर असतानाच रुजतात आणि भाल्यासारख्या खाली चिखलात पडतात. चिप्पीचं फूल रात्री उमलतं. आणि पांढरी चिप्पी तर २०२० सालापासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, हे आपल्यातल्या कितीजणींना माहीत आहे? काकी हे ओरडून सांगायच्या, इंजिनच्या आवाजात ते पहिल्या दोन बाकांपर्यंत जायचं आणि संध्याकाळी त्यांचा घसा बसायचा. त्यांना माईक हवा होता. अर्जात तो लिहिला नव्हता, कारण अर्ज काकांनी सांगितला आणि काकींनी सही केली.

इथे आमच्यातलं भांडण खरं सुरू झालं. होडी काकांच्या नावावर. कर्ज काकींच्या नावावर. हप्ता चुकला तर गटात मान खाली घालायची काकींनी. मग वस्तू ठरवणार कोण? आमच्यातल्या दोघी म्हणाल्या की हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे, गटाने त्यात पडू नये. बाकीच्यांचं म्हणणं, पैसा सगळ्यांच्या बचतीचा आहे, आता विचारलं नाही तर कधी विचारणार? आवाज चढले. एक ताई बैठकीतून उठून गेल्या, दुसऱ्या आठवड्यात परत आल्या. शेवटी काकांनाच बैठकीला बोलावलं. ते दाराशी उभे राहिले, आत यायला तयार नव्हते. चहा दिला तेव्हा बसले. पहिल्यांदा म्हणाले, बायकांना होडीतलं काय कळतं? आम्ही त्यांना वायरचं गणित सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “त्या रात्री माका पण भय लागला होता.” त्यानंतर बोलणं सोपं झालं.

ठरलं ते असं. एकूण खर्च पंधरा हजारांत बसवायचा. तीन हजार घरचे, बारा हजार गटाचे. बारा महिन्यांत परत, दरमहा मुद्दल हजार, व्याज शेकडा एक रुपया उरलेल्या रकमेवर; म्हणजे सगळं मिळून व्याज सातशे ऐंशी. होडीच्या फेऱ्यांची वही काकी लिहिणार. आणि एक अट सगळ्यांच्या आधीची : होडीवर बारा माणसं बसतात आणि चांगली लाइफ जॅकेटं नऊच होती. उरलेली तीन आधी घरच्या पैशातून आणायची, त्याची पावती दाखवायची, मगच कर्जाचा धनादेश. याला काकींनीच सगळ्यात मोठ्याने होकार दिला.

बाकी खर्च कसा झाला तेही सांगतो, कारण बऱ्याच जणी विचारतात. सगळ्यात जास्त पैसे बॅटरीला गेले, बेचाळीसशे. गाण्यांसाठी वेगळी पस्तीस अँपिअर-अवरची बॅटरी. इंजिनच्या बॅटरीला आता दुसरं काहीच जोडलेलं नाही. गाण्यांची बॅटरी संपली तर गाणी थांबतील, होडी थांबणार नाही. छोटा अ‍ॅम्प्लिफायर सरासरी तीन अँपिअर ओढतो. पाच तास वाजला तर पंधरा. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून पस्तिसातले साडेसतराच आपले समजायचे. पाच तास म्हणजे दिवसाच्या फेऱ्या भागतात. रात्री बॅटरी घरी आणून चार्जरवर लावायची, चार्जर तेराशेचा. चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो, तो पेट घेतो; म्हणून चूल असलेल्या खोलीत नाही, पडवीत. होडीत तिच्यासाठी भोकं असलेली प्लॅस्टिकची पेटी घेतली, पाचशेची, पट्ट्याने घट्ट बांधलेली.

छत्तीसशेला पाण्यात टिकणारे दोन स्पीकर आले. प्लॅस्टिकचा पडदा, कडेला रबर. घेताना ‘आयपी’ या अक्षरांपुढचे आकडे वाचायचे. दुसरा आकडा पाण्याचा. पाच असेल तर पाण्याची धार सोसतो, सात असेल तर थोडा वेळ बुडाला तरी चालतो. मोबाईलवरून गाणी घेणारा आणि माईक लागणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर चोवीसशेला, वायरचा साधा माईक सातशेला. जाड वायर, फ्यूज, स्विच, लग, स्टीलचे स्क्रू यांचे पंधराशे. भाऊची मजुरी आठशे. त्याने कमी घेतली, आम्ही त्याला जेवायला घातलं.

फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर बसवला आहे, दहा अँपिअरचा. तो जेवढा लांब, तेवढी मधली वायर उघड्या धोक्यात. जोड चिकटपट्टीचे नाहीत. लग दाबून, वर आकसणारी नळी गरम करून बसवली आहे. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलिन. स्क्रू घेताना काकींनी फ्रिजवरचं चुंबक पिशवीतून नेलं होतं. घट्ट चिकटलेला प्रत्येक स्क्रू त्यांनी दुकानदाराला परत दिला. तो वैतागला. आम्हाला फार बरं वाटलं. आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने स्पीकर पुसायचे. हे काम मुलाकडे आहे. तो ते विसरतो, हेही सांगायला पाहिजे.

गाण्यांचे नियमही काकींनी होडीत लिहून लावलेत. डॉल्फिन दिसले की गाणी बंद, इंजिन हळू. कांदळवनात शिरताना बंद, तिथे फक्त माईक, तोही हळू, कारण पक्षी उडून गेले तर दाखवायचं काय? रात्री दहानंतर लाऊडस्पीकर कायद्यानेच बंद आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी. पण होड्या तोवर किनाऱ्याला लागलेल्याच असतात, त्याचा प्रश्न येत नाही.

सगळं गोड झालं असं समजू नका. शेजारच्या होडीवर अजून दणदणाट चालतो आणि तरुण पोरं तिकडेच जातात. जानेवारीत काका एकदा म्हणाले की आपला आवाज लहान पडतो. त्या महिन्यात फेऱ्या खरोखर कमी झाल्या, काकींच्या वहीत ते दिसतं. फेब्रुवारीत एका शाळेची सहल आली, मग दुसऱ्या शाळेची. शिक्षकांनी विचारलं होतं, झाडांची माहिती सांगणारी होडी कोणती? एका स्पीकरच्या जाळीला गंज आला आहे, ती बदलायची आहे. माईकची वायर बाकाला अडकते आणि लहान मुलं तिला पाय लावून पडतात. तिला छपरावरून खाली सोडायला भाऊला सांगितलं आहे, तो लग्नसराई संपल्यावर येतो म्हणाला.

बारा हप्त्यांपैकी अकरा आले. पावसाळ्यातले तीन काकींनी खानावळीच्या पैशातून भरले, कारण होडी झापांखाली होती. उठून गेलेल्या ताईंनीच परवा सुचवलं की पुढच्या वर्षी छपरावर पन्नास वॅटचं सौर पॅनेल बसवलं, तर बॅटरी रोज घरी वाहून आणायला नको. ती अकरा-बारा किलोची आहे आणि धक्क्यापासून घर चढावर आहे. काकांची कंबर दुखते, म्हणून आता ती काकी आणि मुलगा दोघं मिळून आणतात. त्याचा अर्ज यायचा आहे. आम्ही काकींना सांगितलं आहे, या वेळी अर्ज तुम्ही सांगा आणि सही काकांची घ्या साक्षीदार म्हणून.